स्लाव प्रदेशांतली दुर्मिळ आडनावं आणि गावांची नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राग किंवा वॉर्साला शिकायला गेलेली मुलं, तिकडच्या घरात लग्न होऊन गेलेल्या मुली, जुने नकाशे वाचायचा नाद असलेले वाचक, असे अनेकजण हे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात. म्हणून ते एका ठिकाणी आणले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. नाव आज कानाला कसं लागतं यावरून त्याचा अर्थ ठरवू नका. ते पहिल्यांदा कुठे, कधी आणि कोणत्या रूपात लिहिलं गेलं ते आधी शोधा. खालची बहुतेक उत्तरं याच वाटेनं जातात.

1. स्लाव प्रदेश म्हणजे नेमके कोणते?

पूर्वेला रशिया, युक्रेन, बेलारूस. पश्चिमेला पोलंड, चेकिया, स्लोव्हाकिया. दक्षिणेला स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया, मॉन्टेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया आणि बल्गेरिया. शिवाय पूर्व जर्मनीतल्या लुसाशिया भागात सॉर्ब नावाचा छोटा स्लाव समाज आजही आपली भाषा बोलतो. नावांची हद्द मात्र देशांच्या हद्दीपाशी थांबत नाही, त्यासाठी प्रश्न 10 पाहा.

2. तिकडे आडनावं कधीपासून आहेत?

सगळीकडे एकदम आली नाहीत. पोलंडमध्ये जमीनदार उमरावांची आडनावं पंधराव्या-सोळाव्या शतकात स्थिर होत गेली, शेतकऱ्यांची बरीच नंतर. चेक मुलूख ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या साम्राज्यात होता. तिथे सम्राट दुसरा जोसेफ याच्या काळात, 1780 च्या दशकात, वडिलांचं आडनाव मुलानं लावायचं हे कायद्यानं पक्कं झालं. त्याच सम्राटाच्या 1787 च्या आदेशानं साम्राज्यातल्या ज्यूंना कायमची आडनावं घ्यावी लागली.

रशियात तर 1861 मध्ये भूदासपद्धती संपेपर्यंत बहुसंख्य शेतकऱ्यांना दप्तरी आडनाव नव्हतं. प्रत्येकाला आडनाव असलंच पाहिजे असा हुकूम तिथे 1888 मध्ये निघाला. त्यामुळे कुणी रशियन शेतकरी घराण्याचं आडनाव सातशे वर्षांचं आहे असं सांगू लागलं तर आधी कागद मागावा.

3. ‘-स्की’ म्हणजे आपलं ‘-कर’च ना?

मुळात हो. तार्नुफ गावचे ते तार्नोव्स्की, जसे कोल्हापूरचे कोल्हापूरकर. पण दोन फरक लक्षात ठेवा. ‘-स्की’ हे व्याकरणानं विशेषण आहे, म्हणून बाईच्या नावात ते ‘-स्का’ होतं. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. उमरावांच्या आडनावांना ‘-स्की’ असल्यामुळे त्याला मान होता, आणि पुढे इतरांनीही तो प्रत्यय उचलला. कोवाल्स्की हे कोवाले नावाच्या गावावरून आलेलं असू शकतं, तसंच लोहारासाठीच्या ‘कोवाल’ या शब्दाला नुसतं ‘-स्की’ लागूनही झालेलं असू शकतं.

गावावरून आलेलं असलं तरी गाव कोणतं, हा प्रश्न उरतोच. विश्न्येव्स्की घराणी एकाच मुळाची नाहीत, कारण विश्न्येवो किंवा विश्न्येफ नावाची गावं पोलंडमध्ये अनेक आहेत. आपल्याकडे सगळे वाडेकर एकाच वाड्याचे नसतात, तसंच हे.

4. गावाच्या नावाचा शेवट पाहून काय कळतं?

बरंच कळतं. ‘-इत्से’ म्हणजे अमक्याची माणसं, अमक्याचे वंशज. चेकियातलं चेस्के बुद्येयोवित्से हे बुदिवोय नावाच्या माणसाच्या लोकांचं गाव. ‘-ओव’ किंवा ‘-इन’ मालकी दाखवतात. क्राकूफ म्हणजे क्राकचं. ‘-आनी’ हा प्रत्यय त्या जागेत राहणाऱ्यांचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं मूळ रूप द्रेझ्द्यानी, म्हणजे दलदलीच्या रानातले रहिवासी.

चकवा देतात ती प्रत्यय न दिसणारी नावं. म्लादा बोलेस्लाव, यारोस्लाव्ल, पोझनान, प्झेमिश्ल ही माणसांची नावंच गावांना दिल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या शेवटी एक जुना मालकीचा प्रत्यय होता. त्याचा स्वर झिजून गेला आणि आधीचं व्यंजन तेवढं मऊ झालं. पोझनानमधला शेवटचा मऊ ‘न’ आणि यारोस्लाव्लमधला ‘ल’ ही त्या प्रत्ययाची उरलेली खूण. म्हणजे ‘यारोस्लाव’ हा राजा आणि ‘यारोस्लाव्ल’ हे त्याचं शहर.

5. नकाशावर ‘भटारी’, ‘ढालवाले’, ‘घोडीवाले’ अशा अर्थांची गावं का दिसतात?

दहाव्या ते बाराव्या शतकात पोलंडच्या प्यास्त राजांनी गडांच्या आसपास अशी गावं वसवली ज्यांनी दरबाराला एक ठरावीक वस्तू किंवा सेवा पुरवायची. प्येकारी गावानं पाव भाजायचे, श्चित्निकीनं ढाली बनवायच्या, कोबिल्निकीनं घोड्या पाळायच्या, स्कोत्निकीनं गुरं राखायची, झ्वोत्निकीनं सोनारकाम करायचं. चेक मुलखातही हीच पद्धत होती. प्रागजवळचं प्सारी हे राजाची शिकारी कुत्री सांभाळणाऱ्यांचं गाव.

ही नावं अनेकवचनी आहेत, कारण ती जागेची नसून माणसांची आहेत. अशी पाच-सहा गावं एकाच गडाभोवती दिसली की त्या गडाचा कारभार कसा चालत होता ते नकाशाच सांगू लागतो. इतक्या जुन्या काळातल्या सामान्य कष्टकऱ्यांची दुसरी फारशी नोंद उरलेली नाही, म्हणून मला ही गावं फार मोलाची वाटतात.

6. ‘पाव खाऊ नको’ असं आडनाव खरंच असतं का?

असतं. नेयेस्ख्लेबा हे चेक आडनाव. ‘नेयेस’ म्हणजे खाऊ नको, ‘ख्लेबा’ म्हणजे पाव. दुर्मिळ आडनावांमध्ये मला सर्वांत जिवंत वाटणारा गट हाच, कारण त्यात अख्खं वाक्य गोठलेलं असतं. स्कोच्दोपोले म्हणजे शेतात उडी मार. ओसोल्सोब्ये म्हणजे तुझ्यापुरतं तूच मीठ घाल. स्तोयेस्पाल म्हणजे उभ्या उभ्या झोपला. राद्सेतोउलाल म्हणजे आवडीनं भटकत राहिला. वीतामवास म्हणजे चक्क ‘तुमचं स्वागत करतो’. युक्रेनमध्ये पेरेबिय्निस म्हणजे नाक फोड, आणि नेपिय्वोदा म्हणजे पाणी पिऊ नको.

ही सुरुवातीला गावानं ठेवलेली टोपणनावं होती. कुणाच्या तोंडी सतत असलेलं वाक्य, कुणाची सवय, कुणाचा एकदाच घडलेला पराक्रम. टोपणनाव एका माणसाचं असतं. त्यानंतर कायदा आला आणि त्यानं ते वाक्य नातवंडा-पतवंडांनाही चिकटवलं. युक्रेनमधल्या झापोरोझ्ये कोसॅकांमध्ये, म्हणजे तिथल्या लढवय्या टोळ्यांमध्ये, नवीन आलेल्याला असं नाव ठेवायची रीतच होती. 1649 च्या कोसॅक फौजेच्या यादीत सुमारे 40 हजार माणसांची नावं आहेत. युक्रेनी आडनावांच्या अभ्यासकाला याहून मोठा खजिना मिळणं कठीण.

याच गटातला एक मवाळ प्रकार चेकियाच्या पूर्वेकडच्या मोराव्हिया भागात भरपूर सापडतो: नुसतं भूतकाळी क्रियापद. नाव्रातिल म्हणजे परतला, दोह्नाल म्हणजे गाठलं, पोस्पीशिल म्हणजे घाई केली, दोलेझाल म्हणजे लोळत पडला. चेकियात एखाद्याचं आडनाव असं क्रियापदाचं असेल तर घराणं मोराव्हियाकडचं असण्याची शक्यता चांगली असते.

7. मुलाला ‘कुरूप’, ‘नकोसा’, ‘लांडगा’ अशी नावं कोण ठेवायचं?

ज्यांची मुलं जगत नव्हती ते आईबाप. आपल्याकडे दगडू, धोंडू, कचरू, भिकू ही नावं ज्या भीतीपोटी ठेवली गेली तीच ही भीती. जुन्या रशियात नेक्रास म्हणजे देखणा नसलेला, नेझ्दान म्हणजे अनपेक्षित आलेला. ख्रिस्ती नाव वेगळं असायचं, पण घरात आणि गावात हेच चालायचं. पुढे त्यांतूनच नेक्रासोव, नेझ्दानोव ही आडनावं झाली. त्रेत्याकोव मात्र या गटातला नाही. तो ‘त्रेत्याक’, म्हणजे तिसरा मुलगा, यावरून आला.

सर्बियातलं उदाहरण थेट नोंदलेलं आहे. सर्बियन भाषेची लिपी आणि लेखनपद्धती घडवणाऱ्या वुक काराजिच यांचा जन्म 1787 चा. त्यांच्या आधीची भावंडं दगावली होती. चेटकिणी मुलांना खातात पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, अशी समजूत होती, म्हणून आईबापांनी मुलाचं नाव ‘वुक’ म्हणजे लांडगा ठेवलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणून वुकोविच किंवा वुकिच या आडनावांतून शौर्याचा अर्थ काढण्याची घाई करू नये.

8. चर्चच्या नोंदवहीत माझ्या चेक पूर्वजाची तीन वेगवेगळी आडनावं आहेत. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत चेक खेड्यांत नाव माणसाचं कमी आणि घराचं जास्त असे. याला ‘छपरावरचं नाव’ म्हणतात. समजा, यान नोवाक लग्न करून द्वोर्झाकांच्या घरी, सासऱ्याच्या शेतीवर राहायला गेला. गाव त्याला द्वोर्झाक म्हणू लागलं, मुलांचा बाप्तिस्मा द्वोर्झाक म्हणून झाला. सासरा वारल्यावर सासूनं तिसऱ्याशी लग्न केलं तर तोही त्याच घराचं नाव घ्यायचा. उलट, घर सोडून दुसऱ्या गावी गेलेला मुलगा तिथल्या घराचं नाव लावू लागायचा. सख्खे भाऊ वेगळ्या आडनावांचे आणि रक्ताचा संबंध नसलेले लोक एकाच आडनावाचे, असं यातून होतं.

नोंदवहीत दोन नावांमध्ये ‘आलियास’, ‘व्हुल्गो’, ‘दिक्तुस’ असे लॅटिन शब्द दिसतील. त्यांचा अर्थ ‘ऊर्फ’. असा शब्द दिसला की थांबा आणि घराचा क्रमांक लिहून घ्या. 1770 च्या दशकापासून तिथे घरांना क्रमांक आहेत आणि नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. वंशावळ अडली की ती नावानं सोडवू नये, घरानं सोडवावी. स्लोव्हेनियातल्या खेड्यांत अशी घराची नावं आजही बोलण्यात आहेत.

9. रशियन आडनावाचा अर्थ ‘रूपांतर’, ‘आशा’ किंवा ‘हिरा’ कसा असतो?

ती आडनावं पाद्र्यांची. ऑर्थोडॉक्स पाद्री लग्न करतात, त्यांची मुलं सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकायला जात आणि तिथे त्यांना नवं आडनाव मिळे. कधी वडिलांच्या चर्चवरून: उस्पेन्स्की, प्रेओब्राझेन्स्की, त्रोइत्स्की ही तीन सणांच्या किंवा चर्चच्या नावांवरून. कधी रत्नांवरून: अल्माझोव म्हणजे हिऱ्याचा. हुशार मुलाला लॅटिनही मिळे. झार पहिला अलेक्झांडर याचा मोठा सल्लागार मिखाइल स्पेरान्स्की हा खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा. ‘आशा करणे’ या लॅटिन क्रियापदावरून त्याचं आडनाव सेमिनरीत ठरलं.

याच देशात उमरावांच्या अनौरस मुलांना बापाचं आडनाव पुढून छाटून देत. त्रुबेत्स्कोयच्या मुलाला बेत्स्कोय, रेप्निनच्या मुलाला प्निन. इवान बेत्स्कोय (1704 ते 1795) यांनी पुढे मॉस्कोत टाकून दिलेल्या मुलांसाठी मोठं अनाथालय उभं केलं.

10. बर्लिन, लाइपझिग, रोस्टॉक ही नावं स्लाव आहेत असं वाचलं. खरं का?

हो. एल्बे नदीच्या पूर्वेकडे जर्मन वस्ती होण्याआधी स्लाव टोळ्या राहत होत्या. रोस्टॉक म्हणजे पाणी जिथे फाकतं ती जागा. केम्निट्झ म्हणजे दगडांची नदी. ऑस्ट्रियातलं ग्राझ म्हणजे छोटा गड. बर्लिनच्या मुळाशी दलदलीसाठीचा एक जुना स्लाव शब्द आहे. शहराच्या 1280 च्या मुद्रेवर अस्वलं आहेत, कारण नावाचा पहिला भाग अस्वलाच्या जर्मन शब्दासारखा वाजतो. आधी नाव, मग अस्वल. लोक नेमकं उलटं सांगतात.

लाइपझिगचं प्रकरण बारकाईनं पाहण्यासारखं आहे. पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं की हे ‘लिपा’वरून, म्हणजे लिंडेनच्या झाडांचं गाव. सॉर्ब आणि पोलिश भाषांत त्याला लिप्स्क म्हणतातही. पण 1015 च्या घटना सांगताना मेर्झेबुर्गच्या बिशप थीटमारनं लिहिलं आहे ‘लिब्झी’. त्यात ‘प’ नाही, ‘ब’ आहे. त्या एका अक्षरामुळे अभ्यासकांनी लिंडेनची व्युत्पत्ती पुन्हा तपासायला घेतली, आणि आता ती पूर्वीइतक्या ठामपणे कुणी मांडत नाही.

ताजी जखमही सांगायला हवी. 1930 च्या दशकात नाझी राजवटीनं लुसाशिया आणि सिलेशियातल्या अनेक गावांची स्लाव वळणाची नावं पुसून जर्मन नावं लावली.

11. प्रागच्या ‘उंबरठ्या’ची आणि चेर्नोबिलच्या बायबलमधल्या ताऱ्याची गोष्ट खरी का?

बाराव्या शतकातला इतिहासकार कोस्मास सांगतो की राजकन्या लिबुशेनं भविष्य पाहिलं, रानात एक माणूस घराचा उंबरठा घडवताना सापडला आणि तिथेच प्राहा, म्हणजे प्राग, वसलं. उंबरठ्याला चेक भाषेत ‘प्राह’ म्हणतात. अभ्यासकांपुढे दोन शक्यता आहेत: नदीच्या पात्रातला उंबरठ्यासारखा खडक, किंवा उन्हानं अथवा आगीनं भाजून निघालेली उघडी जागा. कोस्मासची गोष्ट सुंदर आहे. पण नाव आधीच अस्तित्वात होतं आणि गोष्ट नंतर त्याला जोडली गेली.

चेर्नोबिल हा युक्रेनीत एका रानटी झुडपाचा शब्द. गावाची पहिली नोंद 1193 ची. 1986 च्या अपघातानंतर बायबलमधल्या ‘कडूदवणा’ नावाच्या ताऱ्याशी त्याचा संबंध जोडला गेला. दोन्ही झुडपं एकाच कुळातली असली तरी वेगळी आहेत. ताऱ्याच्या झुडपाला युक्रेनीत ‘पोलिन’ म्हणतात.

12. आडनाव आणि गाव जुळलं की घराणं त्या गावचं समजायचं का?

नाही. कधीकधी गावच माणसावरून पडलेलं असतं. 1945 नंतर पूर्वीचा जर्मन मुलूख पोलंडकडे आला आणि 1946 मध्ये नेमलेल्या आयोगानं हजारो गावांना पोलिश नावं दिली. जिथे जुनं स्लाव नाव सापडलं तिथे ते घेतलं. नाही सापडलं तिथे माणसांची नावं आली. रायखेनबाखचं जेर्झोन्यूफ झालं, मधमाशांचे महान अभ्यासक आणि पाद्री यान जेर्झोन यांच्यावरून. स्लोव्हाकियात 1948 मध्ये पार्कान्यचं श्तूरोवो झालं, भाषासुधारक ल्युदोविट श्तूर यांच्यावरून.

सर्वांत विलक्षण साखळी केंत्शिनची. उत्तर पोलंडच्या कशुबिया भागात केंत्शिनो नावाचं खेडं आहे. त्यावरून केंत्शिन्स्की हे घराणं. घराण्याच्या एका शाखेनं प्रशियात विंक्लर हे जर्मन आडनाव घेतलं. त्या घरात 1838 मध्ये आडाल्बेर्ट विंक्लर जन्मला, जर्मन म्हणूनच वाढला. तरुणपणी त्याला आपलं मूळ कळलं, त्यानं वोय्चेख केंत्शिन्स्की हे नाव परत घेतलं आणि तो नामांकित पोलिश इतिहासकार झाला. 1946 मध्ये रास्टेनबुर्ग शहराला त्याच्यावरून केंत्शिन नाव मिळालं. म्हणजे गावावरून आडनाव, आडनावावरून शहर, आणि मधल्या काळात ते आडनाव एकदा हरवून पुन्हा सापडलेलं.

13. सरकारनं जबरदस्तीनं आडनावं बदलली असतील तर मूळ कसं ओळखायचं?

आधी वर्ष पाहा. एड्रियाटिक समुद्राकाठच्या इस्ट्रियात फॅसिस्ट इटलीनं 1927 पासून स्लोव्हेन आणि क्रोएट आडनावं इटालियन केली. बल्गेरियात 1984-85 च्या हिवाळ्यात सुमारे 8 लाख तुर्क नागरिकांवर बल्गेरियन नावं लादली गेली. नावं परत घेण्याचा हक्क त्यांना 1989 नंतर मिळाला. अशा घराण्यात आजोबा आणि नातवाची आडनावं जुळली नाहीत तर त्यात लपवाछपवी शोधू नका. माणसाच्या हातून त्याचं नाव काढून घेण्याइतकं क्रूर सरकारी काम दुसरं क्वचितच असेल.

उलट, बल्गेरियन आडनावात तुर्की शब्द दिसला म्हणून घराणं तुर्क ठरत नाही. काझान्जिएव म्हणजे कढया बनवणारा, कुयुम्जिएव म्हणजे सोनार. उस्मानी राजवटीत धंद्यांची नावं तुर्की होती. त्यातला ‘-जी’ आपल्या खजानची आणि तोपचीमधला ‘-ची’ आहे, एकाच तुर्की मुळाचा.

14. बायकोचं आडनाव वेगळं का दिसतं? आणि काही आडनावं बदलतच का नाहीत?

चेकमध्ये नोवाकची बायको नोवाकोवा. 1 जानेवारी 2022 पासून मात्र कोणतीही चेक स्त्री ‘-ओवा’शिवाय आडनाव लावू शकते. पोलिशमध्ये पूर्वी नोवाकची बायको नोवाकोवा आणि अविवाहित मुलगी नोवाकुव्हना असायची. जुन्या कागदात मुलगी की सून हे त्यावरून लगेच कळतं.

न बदलणारी आडनावं मुळात षष्ठीची आहेत. संगीतकार बोहुस्लाव मार्तिनू यांचं आडनाव म्हणजे ‘मार्तिनांकडचा’. रशियन चेर्निख म्हणजे ‘काळ्यांचा’. ही ‘-इख’वाली आडनावं उराल, सैबेरिया आणि दक्षिणेकडच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात जास्त आढळतात.

15. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहिलेल्या पोलिश लोकांची आडनावं कुठली होती?

वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले. ते प्रामुख्यानं पोलंडच्या तेव्हाच्या पूर्व भागातले. 1940-41 मध्ये सोव्हिएत राजवटीनं त्यांना उचलून सैबेरिया आणि इतरत्र नेलं, आणि तिथून इराणमार्गे ते भारतात पोचले. त्या पूर्व पट्ट्यात ‘-स्की’बरोबर ‘-विच’ आणि ‘-चुक’वाली आडनावंही ठायीठायी असतात. ‘-विच’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘-उक’, ‘-चुक’ही तेच सांगतात, पण ते युक्रेन-बेलारूसच्या सीमेकडचं वळण. अशा घराण्याचं मूळ गाव आज पोलंडमध्ये असेलच असं नाही. बरीच गावं युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियात गेली आहेत, आणि दप्तरंही त्या त्या देशांत विखुरली आहेत.

16. माझ्याकडे फक्त आडनाव आहे. सुरुवात कुठून करू?

आडनावाचा अर्थ शोधण्याआधी गाव शोधा. लग्नाचा दाखला, बोटीची प्रवासी यादी, लष्करी कागद, कबरीवरची ओळ, यांपैकी एकात तरी गावाचं नाव असतं. गाव मिळालं की बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या बघा. चेकियातल्या बहुतेक जुन्या नोंदवह्या प्रादेशिक अभिलेखागारांनी इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत, पोलंडमधल्याही बऱ्याच मिळतात.

लिपीची तयारी ठेवा. चेक नोंदी लॅटिन, चेक आणि जुन्या जर्मन वळणात असतात. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये 1868 पासून नोंदी रशियन भाषेत आहेत, त्यामुळे एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याला रोमन अक्षरांत आणि लग्नाला सिरिलिकमध्ये असू शकतं. व्हिएन्नाला गेलेल्या चेक घराण्यांची स्पेलिंगही जर्मन झाली आहेत, म्हणून एकच स्पेलिंग धरून बसू नका. मोठ्यानं उच्चारून बघा आणि तो आवाज जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी शोधा. आणि नोंदीत ‘ऊर्फ’ दिसलं तर प्रश्न 8 कडे परत या.